सेंटर बेअरिंग तिसऱ्यांदा गेलं : वाचकांचे प्रश्न, गॅरेजची उत्तरं

पिकअपच्या प्रोपेलर शाफ्टबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. हा शाफ्ट गिअरबॉक्सची ताकद मागच्या डिफरन्शियलला पोचवतो; तो दोन तुकड्यांचा असतो, मधे चेसिसला टांगलेल्या सेंटर बेअरिंगवर तोललेला, आणि प्रत्येक सांध्यावर एक क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असतो. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण वाचकाने मोजमापं पाठवली. अशी पत्रं क्वचित येतात.

प्रश्न : माझी पिकअप टोमॅटोचे क्रेट घेऊन वाशी मार्केटला जाते. कंपनीचं सेंटर बेअरिंग ९२ हजार किलोमीटरला गेलं. त्यानंतरचं १४ हजार चाललं आणि तिसरं साडेपाच हजारांतच संपलं. पहिलं बदलण्याच्या थोडं आधी मागे दोन्ही बाजूंना लीफ स्प्रिंगचे दोन-दोन जादा पाटे टाकले होते. बेअरिंग बदलताना त्याचं ब्रॅकेट आणि क्रॉस मेंबर (चेसिसची आडवी पट्टी) यांच्या मधून दोन जाड पट्ट्या निघाल्या, प्रत्येकी ८ मिलिमीटरच्या. त्या परत लावल्या नाहीत. आता गाडी उचलताना १५ ते २५ च्या वेगात फ्लोअर थरथरतो आणि ६५ ला बारीक गुणगुण सुरू होते. मोकळ्या गाडीला त्रास जास्त, भरल्यावर कमी. टायर २१५/७५ आर १५, डिफरन्शियलचं प्रमाण ४.३. पुढचा शाफ्ट ७०० मिमी, मागचा ११०० मिमी. मोकळ्या गाडीचे उतार मोजले, सगळे मागच्या दिशेने खाली : गिअरबॉक्स २.० अंश, पुढचा शाफ्ट २.४, मागचा शाफ्ट ९.३, पिनियन (डिफरन्शियलमध्ये शिरणारा दांडा) २.०. निघालेल्या बेअरिंगचा फोटो जोडला आहे.
— एक वाचक, नारायणगाव

उत्तर : आधी फोटोबद्दल. बेअरिंगच्या भोवतीचं रबर वरच्या अर्ध्या भागात फाटलंय, पण आतलं बेअरिंग कोरडं नाही, गंजलेलं नाही, सीलही शाबूत दिसतंय. म्हणजे तुमचं ‘बेअरिंग’ तिन्हीपैकी निदान शेवटच्या वेळी तरी गेलेलं नाही, रबर गेलंय. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी. बेअरिंगचे बॉल वाजत असतील तर पाणी, ग्रीस, सील किंवा शाफ्टवरची ढिली बैठक इकडे बघायचं. रबर फाटत असेल तर शाफ्ट त्याला कुठल्या तरी दिशेने सतत ओढतोय किंवा हलवतोय. रबर पुढे-मागे ताणून फाटलं असेल तर स्लिप जॉइंट (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा सरकता सांधा) जाम झालाय. वर-खाली फाटलं असेल तर कोनांचा दोष.

आता तुमचे आकडे. दोन शेजारच्या उतारांतला फरक म्हणजे त्या क्रॉसचा कोन. गिअरबॉक्सजवळचा क्रॉस ०.४ अंश, मधला ६.९, डिफरन्शियलजवळचा ७.३. शेवटचे दोन एकमेकांशी जुळतात, अर्ध्या अंशाच्या आत आहेत, ही जमेची बाजू. पण दोन्ही फार मोठे आहेत. महामार्गाच्या वेगाला क्रॉसचा कोन शक्यतो ३ अंशांच्या आसपास असावा. कोन मोठा असला की शाफ्ट एका फेरीत दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो : ३ अंशांना हा चढउतार ०.१४ टक्के असतो, ७ अंशांना ०.७५. पाचपटीहून जास्त. दोन क्रॉसचे कोन सारखे असले तर मागच्या टोकाला हा चढउतार एकमेकांत जिरतो हे खरं, पण दोघांच्या मधला शाफ्ट मात्र प्रत्येक फेरीला दोनदा हिसके खातच राहतो. शिवाय कोनात वाकून टॉर्क पोचवताना क्रॉस शाफ्टला आडवा ढकलतो. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरला उचलताना टॉर्क सर्वात जास्त असतो, म्हणून तुमची थरथर १५ ते २५ मध्येच येते. हे ढकलणं झेलतं कोण? मधलं रबर.

पट्ट्या हे तुमच्या प्रश्नातलं सर्वात महत्त्वाचं वाक्य आहे. त्या पॅकिंग नव्हत्या, कोन बसवायच्या शिम होत्या. ब्रॅकेटच्या दोन बोल्टांवर एकेक, म्हणजे बेअरिंग ८ मिमी खाली राहत होतं. त्या काढल्यावर बेअरिंग वर गेलं, पुढचा शाफ्ट ०.६५ अंशाने सपाट झाला आणि मागचा ०.४२ अंशाने जास्त तिरका. मधल्या क्रॉसवर एका झटक्यात एक अंशाहून जास्त कोन वाढला. क्रॉस मेंबरवर बोल्टांच्या भोवती चौकोनी स्वच्छ डाग दिसतोय का बघा. पट्टी तिथेच होती याचा तो पुरावा, गॅरेजवाल्याला दाखवायलाही उपयोगी. बेअरिंग बदलताना शिम फेकून देणं ही इतकी नेहमीची चूक आहे, की नवं बेअरिंग लवकर गेलं तर पहिला प्रश्न हाच विचारावा.

बाकीचं काम पाट्यांनी केलंय. मोकळी गाडी मागून उचलली गेली की डिफरन्शियल चेसिसच्या मानाने खाली जातं आणि मागचा शाफ्ट तिरका होतो. ११०० मिमी शाफ्टला ३५ मिमी उंची म्हणजे १.८ अंश. म्हणूनच भरल्यावर तुम्हाला बरं वाटतं : गाडी बसते आणि शाफ्ट सपाट होतो.

दुरुस्ती या क्रमाने करा. पहिल्यांदा ८ मिमीच्या शिम परत. मिळत नसतील तर ८ मिमी जाडीच्या पोलादी पट्टीच्या करून घ्या; वॉशरांची चळत नको, ती सैल होते. यानंतर उतार असे येतील : पुढचा शाफ्ट सुमारे ३.०५, मागचा ८.९, मधला क्रॉस ५.८. अजून जास्तच आहे. दुसरं, जादा पाट्यांपैकी बाजूला एक काढा. खरं तर दोन्ही काढून त्यांच्या जागी हेल्पर पाटा घेतला तर उत्तम, जो मोकळ्या गाडीला लागतच नाही आणि वजन आल्यावरच काम सुरू करतो. गाडी ३५ मिमी उतरली तर मागचा शाफ्ट ७.१ आणि मधला क्रॉस ४ अंशांवर येईल. कंपनीची मूळ उंची आली तर त्याहून कमी. (जादा पाट्याने आरसी बुकातली भारक्षमता वाढत नाही, हे लिहायची गरज नसावी.) तिसरं, पुन्हा मोजा. पिनियन २.० वरच राहिला तर मागचा क्रॉस ५.१ होतो आणि मधल्याशी एक अंशाचा फरक पडतो. तेव्हा एक अंशाची पाचर पाटा आणि हाउसिंगच्या (डिफरन्शियलच्या कवचाच्या) मधे, पिनियनचं नाक वर जाईल अशी टाकायची. पाचर सर्वात शेवटी. अनेक ठिकाणी सुरुवातच पाचरीने करतात आणि मग सगळे आकडे हलतात. पाचर टाकल्यावर यू-बोल्ट ५०० किलोमीटरनंतर पुन्हा ओढायला विसरू नका.

६५ च्या गुणगुणीचं बघू. तुमच्या टायरचा घेर सुमारे २.२ मीटर. ६५ च्या वेगाला चाक मिनिटाला ४९२ फेरे घेतं, शाफ्ट ४.३ पट, म्हणजे सुमारे २१०० : सेकंदाला ३५. मोबाइलवर कंपन मोजणारं अ‍ॅप सीटच्या लोखंडी चौकटीवर ठेवून बघा. ३५ च्या आसपास टोक आलं तर बॅलन्स किंवा वाकलेला शाफ्ट. ७० च्या आसपास आलं तर कोन किंवा फेज, म्हणजे शाफ्टच्या दोन टोकांची आपसातली जुळणी. आठच्या आसपास आलं तर शाफ्टला सोडा, टायर-रिम बघा. बॅलन्सचं असेल तर आधी शाफ्टवरचा वाळलेला चिखल खरवडून काढा आणि वेल्ड केलेलं वजन सुटल्याचा चौकोनी व्रण आहे का शोधा. नळी खड्ड्याला किंवा दगडाला लागून चेपली असेल तर ती सरळ करण्याच्या फंदात पडू नका.

शाफ्ट खाली आहेच तर फेजही तपासा. मागच्या शाफ्टच्या दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुहेरी कान) एकाच पातळीत हवेत. सपाट फरशीवर शाफ्ट ठेवून एका टोकाने नजर लावा, दोन्ही योकचे कान एका रेषेत दिसायला हवेत. स्प्लाइन (स्लिपचा दातेरी भाग) एक दात चुकून बसली तर १६ दातांच्या शाफ्टमध्ये साडेबावीस अंशांची चूक होते, आणि मग कोन कितीही जुळवा, चढउतार जिरत नाही. खोलण्याआधी पांढऱ्या रंगाचा एक पट्टा दोन्ही तुकड्यांवर ओढला की हा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : कोन मोजायची नेमकी पद्धत काय? गॅरेजमध्ये कुणी मोजत नाही.
— एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : गाडी सपाट फरशीवर, चारही टायरची हवा बरोबर, चाकं जमिनीवर. जॅकवर लटकलेल्या गाडीचा कोन मोजून उपयोग नाही, हाउसिंग लोंबतं आणि आकडा फुगतो. खड्ड्यावर किंवा रॅम्पवर गाडी उभी करून चाकांपुढे-मागे लाकडी ठोकळे लावा. डिजिटल कोनमापी हजार-दीड हजारात मिळते. मोबाइलही चालतो, पण कव्हर काढून आणि प्रत्येक वेळी एकाच बाजूने टेकवून. शाफ्टच्या नळीवर माती-रंगाचे पोपडे नसलेल्या जागी लांबीच्या दिशेने ठेवा. गिअरबॉक्स आणि पिनियनला ठेवायला सपाट जागा नसते, तिथे फ्लँजच्या (शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकतीच्या) घासलेल्या उभ्या तोंडावर मोजून ९० अंश वजा करा. कुठला उतार मागे खाली आणि कुठला मागे वर, हे बाणाने कागदावर काढा. निम्म्या चुका आकड्यात नसतात, चिन्हात असतात. एकदा मोकळी आणि एकदा नेहमीच्या मालासह, असे दोन संच घ्या. गिअरबॉक्सजवळचा कोन शून्य असावा असं वाटतं, पण निदान अर्धा अंश असू द्या. अगदी सरळ क्रॉसमध्ये बेअरिंगच्या सुया एकाच जागी दाबल्या जातात आणि तिथे खाचा पडतात.

गिअरबॉक्सचा आकडा डोक्यात बसत नसेल तर माउंटिंग बघा. मागचं माउंटिंग बसलं की गिअरबॉक्सचं शेपूट खाली येतं, आणि सेंटर बेअरिंगला हात न लावता सगळे कोन बदलतात.

प्रश्न : ४५ च्या पुढे घरघर येते, गिअर टाकताना ‘टक्’ असा आवाजही येतो. एका मिस्त्रीने डिफरन्शियल सांगितलं, दुसऱ्याने सेंटर बेअरिंग. डिफरन्शियल उघडण्याआधी खात्री कशी करू?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मोकळ्या रस्त्यावर ५५ ला गाडी न्या आणि न्यूट्रल करा. इंजिन बंद करू नका, ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग जातं. घरघर तशीच राहिली तर इंजिन, क्लच निर्दोष. आता गिअरमध्येच अ‍ॅक्सिलरेटर दाबा-सोडा करा. दाबल्यावर एक आवाज आणि सोडल्यावर दुसरा, तर डिफरन्शियलच्या क्राऊन-पिनियनकडे (आतल्या दातेरी जोडीकडे) संशय. दोन्हीत सारखाच आणि फक्त वेगाबरोबर वाढणारा आवाज असेल तर बेअरिंग. वळणावर गाडी झुकली की कमी-जास्त होत असेल तर चाकाचं बेअरिंग. सेंटर बेअरिंगचा आवाज सिंगल केबिनमध्ये सीटच्या मागून, फ्लोअरखालून येतो आणि पायाला कळतो.

तरी शंका राहिली तर मागचं हाउसिंग दोन घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा. चेसिस नाही, हाउसिंगच, म्हणजे कोन नेहमीचे राहतात. पुढच्या चाकांना ठोकळे. एकाने गाडी गिअरमध्ये हळू फिरवायची आणि दुसऱ्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्रॅकेटला, मूठ कानाला. फिरत्या शाफ्टजवळ मफलर, सैल बाही, कमरेचा रुमाल काहीही नको. हात पोचेल इतकं जवळ जायचंच नाही.

गिअर टाकताना ‘टक्’ आवाज येतो असंही तुम्ही लिहिलंय. तो बेअरिंगचा नसतो. क्रॉसची सुई, स्लिपची झीज किंवा मधल्या फ्लँजचा नट. नट आधी बघा, तो फुकट आहे.

प्रश्न : पूर्ण असेंब्ली घ्यावी की नुसतं बेअरिंग ठोकून बसवावं? आमच्याकडे लेथवाले शाफ्टवर पंचाचे ठोसे मारून बेअरिंग घट्ट करतात.
— एक वाचक, सांगोला

उत्तर : रबर मऊ, बिनचिरेचं आणि ऑइल न लागलेलं असेल तर नुसतं बेअरिंग चालतं. ऑइलने फुगलेलं रबर वरून ठीक दिसतं आणि दोन महिन्यांत बसतं. आमचा कल पूर्ण असेंब्लीकडे, कारण मजुरी दोन्हीकडे तेवढीच.

पण असेंब्ली कुठलीही घ्या, शाफ्टची बैठक मोजल्याशिवाय बसवू नका. समजा बेअरिंग ६२०६ आहे : आतला व्यास ३०, बाहेरचा ६२, रुंदी १६ मिमी. त्यासाठी शाफ्ट ३०.००२ ते ३०.०१५ मिमी हवा, म्हणजे बेअरिंग थोडं दाबूनच बसतं. मायक्रोमीटरने तीन जागी, प्रत्येक जागी आडवं-उभं मोजा. २९.९८ आलं तर बेअरिंग हाताने सरकेल आणि आतली रिंग शाफ्टवर हळूहळू फिरत राहील. खोलल्यावर शाफ्टवर तांबूस-तपकिरी भुकटी आणि चकचकीत पट्टा दिसला तर तेच चाललंय. पंचाच्या ठोशांनी उचललेले कोंब मोजले तर व्यास बरोबर भरतो, पण बेअरिंग टेकतं त्या शेंगदाण्याएवढ्याही नसलेल्या टोकांवर. काही शे किलोमीटरमध्ये ती चेपतात. दोन-पाच शतांश मिमीची झीज असेल तर बेअरिंग चिकटवायचं रिटेनिंग कंपाउंड, तेही थिनरने बैठक पूर्ण कोरडी करून. त्याहून जास्त असेल तर बैठक वेल्डने भरून ग्राइंड करायची आणि नंतर शाफ्ट बॅलन्स करायचा, किंवा पुढचा तुकडा बदलायचा.

बसवताना दाब फक्त आतल्या रिंगवर. बाहेरच्या रिंगवर हातोडा पडला की बॉलच्या वाटेवर खळगे उमटतात, आणि पहिल्याच दिवशी नवं बेअरिंग गुणगुणतं. योग्य मापाची नळी आणि प्रेस. गरम करून बसवायचं तर सीलबंद बेअरिंग ८० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नका, आत भरलेलं ग्रीस बिघडतं. गॅसची ज्योत तर नाहीच.

ब्रॅकेट बसवताना बोल्ट आधी हातानेच लावा. मागचा फ्लँज जोडा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला, म्हणजे बेअरिंग आपली जागा घेतं. रबर पुढे किंवा मागे ओढलेलं नाही आणि ब्रॅकेट शाफ्टला काटकोनात आहे हे बघून मगच बोल्ट ओढा. ब्रॅकेटच्या भोकांना लांबट आकार त्यासाठीच दिलेला असतो. एम १० च्या ८.८ ग्रेडच्या बोल्टला साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

प्रश्न : माझ्या गाडीचं रबर पुढच्या बाजूला ओठासारखं बाहेर आलंय. कोन ठीक आहेत. गाडी चिऱ्यांची वाहतूक करते, दर आठवड्याला प्रेशरने धुतो.
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : स्लिप जॉइंट. गाडी भरली की पाटा सरळ होऊन लांबतो आणि हाउसिंग मागे सरकतं, मोकळी झाली की पुढे येतं. हा फरक स्लिपने गिळायचा असतो. स्लिप जाम असेल तर शाफ्ट ब्रॅकेटला ढकलतो आणि रबर ओठ काढतं. डिफरन्शियलकडचे फ्लँजचे बोल्ट काढा (त्याआधी ठोकळे लावा, शाफ्ट सुटल्यावर गिअर गाडी धरत नाही) आणि शाफ्ट हाताने पुढे-मागे करा. गुळगुळीत सरकला पाहिजे. हातोडा लागला तर निदान झालं.

स्प्लाइन बाहेर काढून चिऱ्याची लाल धूळ आणि वाळलेलं ग्रीस डिझेलने धुवा. दातांना पायऱ्या पडल्या असतील तर स्लिप जोडीने बदला. नाहीतर लिथियम ग्रीस, दोन नंबरचं. इथे प्रेशरची नळी दुहेरी नुकसान करते : सेंटर बेअरिंगच्या सीलवर सरळ फवारा मारला तर पाणी आत जातं आणि स्लिपचं ग्रीस बाहेर येतं. त्या भागाला लांबून, आडवं पाणी मारा आणि धुतल्यावर त्याच दिवशी ग्रीस गन लावा. क्रॉसला चारही टोपणांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत पंप करायचं. तीनच टोपणांतून आलं तर चौथ्यातल्या सुया कोरड्या आहेत, क्रॉस बदलायचा.

प्रश्न : सेंटर बेअरिंगची कटकटच नको. लांब बॉडीची गाडी आहे, गिअरबॉक्स ते डिफरन्शियल दोन मीटर. एकच शाफ्ट बनवून मिळतो म्हणतात.
— एक वाचक, बारामती

उत्तर : बनवून मिळतो, बसवू नका. फिरणारी लांब नळी ठरावीक फेऱ्यांना मधोमध दोरीउडीच्या दोरीसारखी फुगते, आणि ही मर्यादा लांबीच्या वर्गाने खाली येते. ७५ मिमी व्यासाची, २ मिमी जाडीची पोलादी नळी एक मीटर असेल तर मर्यादा मिनिटाला सुमारे १२,४०० फेरे. दोन मीटर केली की ३१००. त्याच्या ७० टक्क्यांच्या वर चालवायची नसते, म्हणजे सुमारे २१७०. वरच्या नारायणगावच्या गाडीच्या टायर-डिफरन्शियलच्या हिशेबाने हा ताशी ६६ किलोमीटरचा वेग झाला. ९५ ला नळी मोडू शकते, आणि मोडलेला शाफ्ट फ्लोअर, ब्रेकचे पाइप, डिझेल टाकी यांपैकी काय गाठेल ते त्याच्यावर. दोन तुकडे आणि मधे बेअरिंग हे त्यासाठीच आहे. तुमचं बेअरिंग कितीला जातं आणि रबर कुठल्या बाजूने फाटतं, ते मात्र पत्रात नाही, फोटोसह पाठवा.